मेडिक्लेम आहे ना, मग अमेरिकेसाठी वेगळा इन्शुरन्स कशाला?

पत्र:
माझी मुलगी न्यूजर्सीत असते, डिसेंबरमध्ये तिची डिलिव्हरी आहे. मी आणि मिस्टर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतोय, एप्रिलच्या शेवटी परत येणार. मी ६३ ची, मिस्टर ६९ चे, फेब्रुवारीत त्यांना ७० पूर्ण होतील. त्यांना शुगर-बीपी आहे आणि २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलाय, आता तब्येत छान आहे. आमची दोघांची १० लाखांची मेडिक्लेम आहे. मिस्टर म्हणतात अँजिओप्लास्टीच्या वेळी जराही कटकट न होता क्लेम पास झाला, तेच कार्ड न्यायचं, परत पैसे घालवायचे नाहीत. ओळखीचे एजंट म्हणतात ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, पण फॉर्मवर स्टेंटचं लिहू नका. जावई म्हणतात तुम्ही काही करू नका, मी इकडून लाख डॉलरचा प्लॅन काढतो, अगदी स्वस्तात मिळतोय. तिघं तीन सांगतायत, मी कुणाचं ऐकू?
– सांगलीहून, लवकरच आजी होणारी

ताई, आधी अभिनंदन! आणि आता स्पष्टच सांगते, तिघांपैकी जसंच्या तसं कुणाचंच ऐकू नका. जावई त्यातल्या त्यात जवळ आहेत, पण त्यांच्या त्या ‘लाख डॉलर’ आणि ‘स्वस्त’ या दोन शब्दांमुळेच मला जरा धास्ती वाटली. का ते पुढे येतंच.

पहिल्यांदा मिस्टरांचं बघू. त्यांना राग येईल पण तुमची मेडिक्लेम तिकडे चालणार नाही हो. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी फक्त भारतात घेतलेल्या ट्रीटमेंटचे पैसे देतात, पॉलिसीच्या पुस्तिकेत कुठेतरी मागच्या पानांवर बारीक अक्षरात भौगोलिक मर्यादेचं कलम असतं तिथे सरळ ‘भारत’ लिहिलेलं असतं. त्यांना म्हणावं चष्मा लावून ते एक कलम वाचा, मग आपण बोलू. हल्ली काही महागड्या पॉलिसींमध्ये जगभर कव्हर मिळतं हे खरंय, पण त्यातही बघावं लागतं की अमेरिका-कॅनडा धरलेत का वगळलेत (बऱ्याचदा वगळलेले असतात, कारण खर्च सगळ्यात जास्त तिथेच), आणि फक्त इमर्जन्सी आहे का इथे निदान होऊन तिकडे ठरवून घेतलेल्या उपचाराला आहे. तुमची साधी १० लाखांची जुनी पॉलिसी आहे म्हणजे यातलं काही नसणार, तरी एक ईमेल कंपनीला करून लेखी उत्तर घ्या. फोनवर विचारू नका, फोनवर समोरचा ‘हो हो मॅडम’ म्हणतो आणि उद्या त्या ‘हो हो’ला काही किंमत नसते.

आणि जाता जाता त्याच मेडिक्लेमबद्दल एक गोष्ट, जी हमखास राहून जाते. तिची रिन्यूअलची तारीख बघा. नोव्हेंबर ते एप्रिलच्या मधे येत असेल तर जायच्या आधी कंपनीला विचारून पैसे भरून टाका, नाहीतर मुलाला, भावाला, कुणाला तरी सांगून ठेवा. ‘आपण इथे नाहीच आहोत तर या वर्षी कशाला’ असा विचार चुकूनही करू नका. वार्षिक पॉलिसीला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते, ती उलटली की पॉलिसी तुटली, मग ७० वर्षांच्या, स्टेंटवाल्या माणसाला नवी पॉलिसी काढायला गेलात की मेडिकल टेस्ट आणि जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड (म्हणजे ठरावीक काळ त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत) सगळं पहिल्यापासून, ते पण कंपनीने हो म्हटलं तर.

आता एजंट साहेब. यांच्यावर मी खरंच चिडलेय. मी बरीच वर्षं क्लेमच्याच टेबलावर काढलीत त्यामुळे ‘लिहू नका’ या सल्ल्याचं पुढे काय होतं ते मला माहितीय. देव न करो पण समजा जानेवारीत रात्री मिस्टरांच्या छातीत दुखायला लागलं. मुलगी ९११ हा तिकडचा इमर्जन्सी नंबर लावणार, इमर्जन्सीत गेल्यावर नर्सचा पहिल्या दोन-तीन प्रश्नांतला एक असणार, आधी काही हार्टचा त्रास? आता मुलगी काय सांगेल? २०२१ मध्ये स्टेंट, हेच सांगेल आणि हेच सांगायला पाहिजे, तिथे खोटं बोललं तर जिवाशी खेळ आहे. ते तिथल्या तिथे केसपेपरवर पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात टाईप होतं. नंतर क्लेमवाले काय करतात तर सगळ्यात आधी तोच रकाना उघडतात आणि शेजारी पॉलिसी घेताना भरलेला तुमचा प्रपोजल फॉर्म ठेवतात. एकीकडे स्टेंट, दुसरीकडे ‘कोणताही आजार नाही’ आणि खाली मिस्टरांची सही. वर त्या अँजिओप्लास्टीचा क्लेम तुम्ही मेडिक्लेममधून घेतलेला, म्हणजे त्याची नोंद इन्शुरन्सच्याच दुनियेत पडलेली आहे. माहिती लपवली म्हणून क्लेम नामंजूर, आणि त्या दिवशी एजंट म्हणेल, काका सही तर तुमचीच आहे ना. प्रीमियम वाढू दे, किंवा ती कंपनी नाही म्हणू दे, दुसरी बघता येईल. पण लिहायचं सगळं, शुगर, बीपी, स्टेंट, चालू गोळ्या, आणि हो, तुमचं स्वतःचं जे काही असेल तेही, तुम्ही पत्रात स्वतःबद्दल वयाखेरीज एक अक्षर लिहिलेलं नाही (आपल्या बायकांचं नेहमीचंच).

आणि आता जावई. त्यांना एक गोष्ट बरोबर कळलीय की त्यांच्या किंवा मुलीच्या कंपनीच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये आईवडिलांना साधारणपणे घालता येत नाही, आणि मेडिकेअर ही तिथली ज्येष्ठांची सरकारी योजना, तिचा व्हिजिटरशी काही संबंध नाही. म्हणून तिकडे व्हिजिटर इन्शुरन्स नावाचा वेगळा प्रकार मिळतो आणि तो काढायचा विचार चांगलाच आहे. पण त्यात दोन जाती आहेत आणि वेबसाईटवर दोन्हींवर तोच ‘एक लाख डॉलर’चा बोर्ड असतो.

स्वस्तातला असतो तो फिक्स्ड बेनिफिट प्लॅन. म्हणजे प्रत्येक गोष्टीचा दर ठरलेला, इमर्जन्सी रूमचे इतके, हॉस्पिटलमध्ये एका दिवसाचे इतके, सर्जनचे इतके. बिल कितीही येऊ दे, कंपनी त्या तक्त्यातलाच आकडा देणार, बाकीचे तुम्ही. इमर्जन्सीत नुसतं जाऊन तपासण्या करून आलं तरी काही हजार डॉलर सहज लागतात आणि तक्त्यात त्याला काहीशे डॉलर लिहिलेले असतात, मग वरच्या लाखाचा उपयोग काय? तो लाख कधी गाठलाच जात नाही.

दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन, तो महाग पण त्याचा हिशोब वेगळा. डिडक्टिबल म्हणून पहिली ठरलेली रक्कम तुमची, समजा २५० डॉलर. त्यापुढच्या ५,००० डॉलरपर्यंत बऱ्याच प्लॅनमध्ये कंपनी ८० टक्के आणि तुम्ही २० टक्के, आणि त्याच्या पुढे नेटवर्कमधलं, म्हणजे कंपनीशी करार असलेलं हॉस्पिटल असेल तर १०० टक्के कंपनी, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत. म्हणजे बर्फावरून घसरून पडून २०,००० डॉलरचं बिल झालं तर तुमच्या खिशातून २५० अधिक १,००० असे १,२५० डॉलर. डॉलर ढोबळ ९० रुपयांचा धरला तर लाख-सव्वालाख रुपये झाले, कमी नाहीत, पण अठरा लाखांच्या बिलापुढे माणूस सुटकेचा श्वास घेतो. जावयांना नुसतं एवढंच विचारा, प्लॅन फिक्स्ड आहे का कॉम्प्रिहेन्सिव्ह? उत्तर द्यायला त्यांना दोन मिनिटं लागली तर समजा त्यांनी फक्त किंमत बघितलीय.

पण ताई, तुमच्या घरापुरतं खरं बघायचं ते हेही नाही. तुमचा सगळा प्रश्न एका स्टेंटभोवती आहे. बर्फावर पडणं, फ्लू, न्यूमोनिया, अपेंडिक्स या नव्या गोष्टींना बहुतेक बरी पॉलिसी पैसे देते. जुना आजार आला की प्रत्येक पॉलिसीची भाषा बदलते. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये जुना आजार वगळलेलाच असतो, फक्त जिवावर बेतलं तर माणूस स्थिर होईपर्यंतचा खर्च, तोही वेगळ्या मर्यादेत. वर लाख डॉलर लिहिलेली पॉलिसी आणि त्या कलमात दहाच हजार, असंही असू शकतं. शिवाय साठीच्या पुढच्यांना खोलीचे, आयसीयूचे, सर्जनचे वेगवेगळे सबलिमिट, म्हणजे आतल्या छोट्या मर्यादा, लावलेले असतात. तिकडच्या प्लॅनमध्ये ‘अक्यूट ऑनसेट’ असं एक कलम असतं, अर्थ असा की जुना आजार अचानक, काही पूर्वसूचना न देता उफाळला आणि २४ तासांच्या आत ट्रीटमेंट घेतली तर एका मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. अचानक हा शब्द ते फार काटेकोरपणे धरतात. दोन दिवस छातीत जड वाटतंय पण जावयाला कशाला त्रास म्हणून गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी अॅडमिट केलं तर ते अचानक धरतीलच असं नाही. मिस्टरांना हे आत्ताच बजावून ठेवा कारण ही गप्प बसायची सवय आपल्या पुरुषमंडळींत घाऊक आहे. नेहमीचं चेकअप, गोळ्या, शुगरच्या टेस्ट हे त्या कलमात येत नाही, ते खिशातूनच.

त्यात तुमची फेब्रुवारीची भानगड आहे. या कलमाला वयाची अट असते, कुठे ७० पर्यंत, कुठे ८० पर्यंत, आणि सत्तरीनंतर काही प्लॅनमध्ये एकूण कव्हरच खाली येतं. मिस्टरांना मुक्कामातच ७० पूर्ण होतायत. पॉलिसी घेतानाचं वय धरतात का वाढदिवसाच्या दिवसापासून फायदा बंद होतो, हे प्लॅनप्रमाणे वेगळं असतं. तेव्हा जावयांना सांगा की कंपनीला लेखी विचारा: प्रवासी ६९ चा, स्टेंट आहे, अमुक तारखेला ७० होणार, त्यानंतर हार्टचा त्रास झाला तर किती डॉलर मिळतील? आकड्यात उत्तर हवं, ‘अटी लागू’ असं नको. इथल्या कंपन्यांनाही हाच प्रश्न पाठवा. जे उत्तर येईल त्यावरून पॉलिसी निवडा, लाख का पाच लाख हे नंतर. माझ्या मते स्टेंटला ३० हजार डॉलरच देणारी पण स्पष्ट लिहून देणारी पॉलिसी ही मोघम पाच लाखवालीपेक्षा कधीही बरी.

इथली घ्यायची का तिकडची, हा वाद लोक तासन्तास घालतात. इथली स्वस्त पडते, तक्रार झाली तर इथे भांडता येतं, विमा लोकपालांकडे जाता येतं, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे, मुंबईत आहे, तुम्ही सांगलीकर असलात तरी फार लांब नाही. तिकडचीचा फायदा म्हणजे हॉस्पिटलवाले त्या कार्डाला ओळखतात, नेटवर्क असतं, बिल बऱ्याचदा परस्पर कंपनीकडे जातं. तुमच्या केसमध्ये, स्टेंट आणि सहा महिन्यांचा मुक्काम बघता, मी तिकडच्या कॉम्प्रिहेन्सिव्हकडे झुकेन, पण वरच्या प्रश्नाचं उत्तर इथल्या कंपनीने चांगलं दिलं तर इथली घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त इथली असेल तर ती भारतातून निघायच्या आधीच काढावी लागते, विमानात बसल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. आणि दिवस मोजताना परतीच्या तिकिटाच्या पुढे आठ-दहा दिवस जास्त धरा, बाळाच्या आजोबांचा पाय कधी निघतो कुणी सांगावं, मुदत वाढवायची तर जुनी संपायच्या आत अर्ज करावा लागतो.

एक विचित्र गोष्ट सांगू का? युरोपला जायचं तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसाला (तिथल्यांच्या आईवडिलांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिसा) किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं, वर्षभराचं कव्हर लागतं. आणि जिथे बिलं सगळ्यात भयंकर येतात त्या अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला कुणी इन्शुरन्स विचारतच नाही, त्यामुळे लोकांना वाटतं गरज नाही. (लंडनला मुलाकडे जाणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका: तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, ही व्हिजिटरला फुकट नाही, अॅडमिट झालात तर बिल येतं, आणि ५०० पौंड किंवा जास्त थकले तर पुढच्या व्हिसाच्या अर्जाला ते आडवं येऊ शकतं.)

मिस्टर कदाचित असंही म्हणतील की तिकडे म्हणे कायदा आहे, इमर्जन्सीत कुणाला परत पाठवत नाहीत. खरंय, १९८६ चा कायदा आहे. पेशंटला तपासून स्थिर करायचं, पैसे आहेत का ते बघायचं नाही. पण तो कायदा ट्रीटमेंटचा आहे, बिल माफ करायचा नाही. बिल नंतर घरी येतं, आणि एक नाही येत, हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरचं वेगळं, एक्सरे-स्कॅन वाचणाऱ्याचं वेगळं, अॅम्ब्युलन्सचं वेगळं, महिना-दोन महिने पाकिटं येतच राहतात. मुलीला आणि जावयांना एवढंच सांगून ठेवा की अॅडमिशनच्या वेळी घाईघाईत जी सही मागतात ती कशाची आहे ते वाचा. पेशंटसोबतचा नातेवाईक म्हणून सही करणं वेगळं आणि बिलाची जबाबदारी माझी म्हणून सही करणं वेगळं. आणि कधी बिल आलंच तर भरायच्या आधी एकेका गोष्टीचा तपशील असलेलं बिल मागा, हॉस्पिटलच्या फायनान्शियल असिस्टन्सची चौकशी करा, तिकडे बिलावर बोलणी होतात, लाजायचं नाही.

खोकला, पाय मुरगळणं, थोडी शुगर वर-खाली यासाठी इमर्जन्सीत धावू नका, अर्जंट केअर म्हणून छोटे दवाखाने असतात, तिथे फार कमीत काम होतं. मुलीच्या घराजवळचं, नेटवर्कमधलं अर्जंट केअर आणि नेटवर्कमधलं हॉस्पिटल ही दोन नावं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात शोधून फ्रिजवर लावून टाका. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं, यात मात्र नेटवर्क वगैरे बघत बसायचं नाही, सरळ ९११. आणि माणूस डॉक्टरच्या हातात गेला की त्याच दिवशी पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरवर फोन. पुष्कळ पॉलिसींमध्ये २४ किंवा ४८ तासांत कळवायची अट असते. मी बघितलेल्या एका केसमध्ये आजींचं मनगट शिकागोत घरासमोरच्या बर्फावर पडून मोडलं, नातीने इमर्जन्सीच्या बाहेरच्या खुर्चीत बसूनच फोन करून रेफरन्स नंबर घेतला आणि तो रिसेप्शनला दिला, बिल परस्पर गेलं, घरच्यांना डिडक्टिबलपलीकडे फारसं काही पडलं नाही. तोच फोन परत येऊन महिन्याने केला असता तर वर्षभर कागद पाठवत बसले असते.

गोळ्यांचं बघा. डॉक्टरांकडून नव्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन घ्या आणि त्यावर ब्रँडच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव लिहून मागा, कारण तिकडच्या फार्मसीत ग्लायकोमेट म्हटलं तर कुणाला कळणार नाही, मेटफॉर्मिन म्हटलं तर कळेल. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, इकोस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिन. आपली पॅरासिटामॉल तिकडे टायलेनॉल नावाने मिळते. गोळ्या स्ट्रिपमध्येच न्या, डब्यात सुट्या काढून नका नेऊ, आणि हातातल्या बॅगेत ठेवा. तिकडचा नियम साधारण ९० दिवसांच्या औषधांचा आहे, तुमचा मुक्काम त्याहून मोठा, तेव्हा उरलेल्याचं काय करायचं ते डॉक्टरांशी आणि मुलीशी आत्ताच बोलून ठेवा. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि टूडी इको यांचे फोटो मुलीच्या मोबाईलवर पाठवून ठेवा, रात्री दोन वाजता डॉक्टरला तेच हवं असतं.

क्रेडिट कार्डावर फुकट इन्शुरन्स मिळतो असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. तो बहुतेक अपघाती मृत्यू आणि हरवलेल्या बॅगेचा असतो, तोही तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तर. त्याच्या भरवशावर राहू नका.

निघायच्या महिनाभर आधी मिस्टरांना त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना दाखवून या आणि प्रवासाला हरकत नाही असं लिहून घ्या. डॉक्टर नको म्हणत असताना गेलेल्या माणसाचा क्लेम कंपन्या देत नाहीत, आणि क्लेमचं सोडा, अठरा-वीस तासांच्या प्रवासाआधी एकदा दाखवलेलं बरंच. दोघांचे दात पण तपासून घ्या. ट्रॅव्हल पॉलिसीत दाताला फक्त अचानक उठलेल्या कळेपुरते थोडे पैसे असतात, रूट कॅनॉल, कॅप, कवळी काही नाही, आणि तिकडे एका कॅपचे जे पैसे लागतात त्यात सांगलीत अख्खं तोंड दुरुस्त होईल.